बदकवाला जाड स्वेटर

मित्रांनो, किटलीच्या अंगावर बसलेला हा पिवळा, मळका स्वेटर म्हणजे मी. माझ्या पोटावर एक बदक आहे. एका बाहीतून तोटी बाहेर येते. दुसरी बाही नुसतीच लोंबते.

मी खरे तर बाळासाठी जन्मलो. ताईला मुलगा झाला, तेव्हा तिच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे बाळाच्या मावशीने, हौसेने सुया हाती घेतल्या. दुकानदाराने सांगून पाहिले, "बाळासाठी बारीक लोकर घ्या. ही जाड आहे, गळ्याला लावून बघा, टोचते."

"जाड म्हणजे ऊबदार!" मावशी म्हणाली.

नमुना बारीक लोकरीचा होता. मावशीने टाके मात्र त्यातलेच, तंतोतंत घातले. एकही चुकवला नाही, आणि जाड लोकरीचा प्रत्येक टाका मोठा, म्हणून मी वाढतच गेलो. मला कळत होते. पण स्वेटराला गळा असतो, आवाज नसतो.

ताईने मला उलगडले. बाळ माझ्या एका बाहीत मावले.

"अगं, हा बाळाचा की बाळाच्या बाबांचा?"

मावशीचा चेहरा पडला. बाबा घाईने म्हणाले, "माझाच! मला बदकं आवडतात."

बिचारे हिवाळाभर मान खाजवत मला घालून कचेरीत गेले. "साहेब, बदक चावलं का हो?" शिपाई विचारायचा. मी ऊब देत होतो आणि टोचतही होतो. यातले एकच करणे मला जमत नव्हते.

पुढे बाबांनीच मला मायेने उकळत्या पाण्यात धुतले. मी आटलो, आणि आटता आटता चालू लागलेल्या बाळाच्या मापाचा झालो!

"बघ ताई, बसला की नाही!" मावशी नाचलीच.

पण आटलेली जाड लोकर म्हणजे पुठ्ठा. बाळाचे हात दोन्हीकडे ताठ, बुजगावण्यासारखे. गळा लालेलाल. ते रडू लागले आणि मला एक टाकाही सैल करता येईना.

मावशीने मला काढले आणि पहिल्यांदाच स्वतःच्या गळ्याला लावले.

"आई गं! आणि हे मी लेकराला घातलं?"

तेव्हापासून मी किटलीचा, आतला चहा गरम ठेवतो. किटली रडत नाही.

मित्रांनो, कपडा घेताना धागा आधी गळ्याला लावून पाहा. जाड, खरखरीत असेल तर आत सदरा घाला. बाळांसाठी तर बारीक, मऊच घ्या. टोचते म्हणून सांगायला त्यांना येत नाही.

मावशी शहाणी झाली आहे. समोर बसून ती बारीक, मऊ लोकरीने बाळासाठी तोच तान्हेपणीचा नमुना पुन्हा विणते आहे. टाके तंतोतंत तेच.

बाळ आता शाळेत जाते. मला सगळे दिसते आहे.