विमानाच्या पडद्यावरचा बाण

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. सिनेमाचा नव्हे हं, रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचा. विमानातला कॅमेरा वरून जे पाहतो, ते मी खाली उभ्या माणसाला दाखवतो. कधीकाळी मी भारी मिजाशीत होतो. आता अमळनेरजवळच्या एका घरात पोत्यांमागे धूळ खात पडलो आहे.

प्रेमराजने मला आणले. थर्माकोल कापून विमानही त्याने घरीच बनवले. ते पुरे होण्याआधीच मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. उरलेले काम त्याच्या बहिणीने, कामिनीने, हाती घेतले. भावाचे विमान एकदा तरी आकाशात जावे, एवढाच तिचा ध्यास होता.

विमान लॅपटॉपला जोडून माझ्यावर काय कुठे दिसावे, ते ती ठरवू लागली. वर बॅटरी, बाजूला उंची, मधोमध परतीचा बाण. दर वेळी विमान चालू केल्यावर पंखा पहिल्यांदा जिथे फिरेल, तीच जागा बाण घर मानणार होता. कोपऱ्यात त्या घरापासूनचे अंतर दिसायचे. कामिनीने ते काढून तिथे भावाचे नाव लिहिले. ते नाव अंगावर मिरवताना मला फार गहिवरून आले.

खंडेनवमीला विळे-कोयत्यांशेजारी विमानाचीही पूजा झाली. आई बेबाबाईंनी कुंकू लावले, कामिनीने देवापुढे पंखा फिरवला. ती बॅटरी काढणार, तोच बेबाबाई म्हणाल्या, "पूजा व्हयनी, आते बंद करजो नको. वावरमा उडस तठलोंग चालूच ऱ्हाऊ दे."

कामिनीला आईचे मन मोडवेना. चालू विमान तसेच घेऊन दोघी नदीपलीकडच्या शेतात गेल्या.

विमान उडाले! काय झोकात उडाले! बेबाबाई डोळ्यांना पदर लावून पाहत होत्या. पण वरून सगळीकडे नुसती कपाशी. कुठला बांध कुणाचा, काही कळेना. वाऱ्याने विमान लांब गेले, तेव्हा कामिनीने बाणाचा आधार घेतला. बाण गावाकडे वळला. देवापुढे पंखा फिरला होता आणि मध्ये विमान बंद झालेच नव्हते, म्हणून त्याचे घर तेच. अंतराचा आकडाही आता माझ्यावर नव्हता; बाणामागे विमान कामिनीपासून आणखी दूर जात राहिले. माझ्यावर मुंग्या आल्या आणि मग सगळे काळे झाले. काय घडले, ते कामिनीच्या तेव्हा ध्यानात आले.

सगळी कपाशी पालथी घातली, पण विमान मिळाले नाही.

"तुना भाऊनी इतला जीव लाईसन बनाडं व्हतं," बेबाबाई कडाडल्या, "अन तुले एक दिन बी संभाळता उनं नही!"

पूजेची गोष्ट कामिनीच्या ओठांवर आली होती. मी जवळून पाहिले. तिने ती गिळली.

"मनीच चूक शे, माय," एवढेच ती म्हणाली.

तेव्हापासून मायलेकी धड बोलत नाहीत. मला सगळे ठाऊक आहे, पण मला तोंड नाही, याचे फार वाईट वाटते.

मित्रांनो, विमान उडवण्याआधी बाणाचे घर कुठे आहे, ते जरूर पाहा. आणि घरात कुणी मुकाट्याने चूक आपल्या अंगावर घेतली, तर जवळ बसून काय झाले ते विचारा. बेबाबाईंनी अजून विचारलेले नाही.