अंजिराचं तिसरं वर्ष

"सांगतो, पण तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही," शेत राखणारा म्हातारा मसऊद म्हणाला. इस्रायलमधल्या बेर शेवा शहरातून आलेली सहावीची पोरं शाळेच्या शेतातल्या अंजिराखाली बसली होती. दिवसभर हात मातीत घालून शिकायचं, यासाठीच त्यांना इथं आणत. फांद्या फळांनी वाकल्या होत्या.

"झाडाची पहिली तीन वर्षं फळ खायचं नाही, हा आपल्या ज्यू धर्माचा नेम. याचं तिसरं चालू आहे. हात आवरा."

"एवढं जाडजूड, आणि तिसरं?" त्यांच्यातल्या हदासनं विचारलं.

"अगं बये, झाड जुनंच! पण दोन वर्षांमागं वावटळ आली. झाड मुळांसकट उचललं, थेट मृत समुद्रात बुडवलं. मुळांवरची माती पार धुऊन गेली. तिसऱ्या दिवशी वारा फिरला, तो झाड परत याच खड्ड्यात उभं! आता उपटलेल्या झाडाची मोजणी पुन्हा एकपासून. विचारा तुमच्या धर्मगुरूंना, रब्बींना."

"मग अंजिरं खारट असतील, आजोबा!"

"म्हणूनच म्हणतो, नादी लागू नका."

पोरं खिदळली. मसऊदही हसला, तोंडापुरता. मागल्या तुकडीला त्यानं पुराची गोष्ट सांगितली होती.

अकरा वर्षांपूर्वी त्याच्या बायकोनं, झोहरानं, हे रोप लावलं. "चौथ्या वर्षीचं पहिलं अंजीर माझं हं," असं म्हणाली होती. तिसऱ्यातच गेली. लोक म्हणाले, मोकळेपणानं रडून घे. त्याला रडू आलं नाही. तेव्हापासून तो झाडाला पाणी द्यायचा, पडलेली फळं पुरायचा, घरी जाऊन पाव आणि ऑलिव्ह खायचा. फळ कुणी खाल्लं की चौथं वर्ष लागणार, तिच्याशिवाय. ते तो लागूच देत नव्हता. बाकी आत काही हलत नव्हतं.

त्यानं फावडी वाटली. बुंध्याशी पाण्याची नळी फुटली होती, ती उकरून काढायची होती. पोरांनी माती उपसली. हदास गुडघ्यांवर बसून हातानं चाचपू लागली आणि थांबली.

"आजोबा, इकडे या."

मनगटाएवढ्या मुळानं काळ्या नळीला तीन वेढे घातले होते. नळी मुळात रुतून बसली होती.

"वावटळीनं नळीपण नेली होती का?"

मसऊदनं वाकून मुळावर माती लोटली.

"खोटं बोलताय तुम्ही," हदास सगळ्यांदेखत म्हणाली. "हे झाड इथून कधी हललेलंच नाही."