माझ्या दारावरचा फोटो

मी एक जुना फ्रिज आहे आणि माझा स्वभाव मत्सरी आहे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं.

कारखान्यातून निघताना तपासनीस म्हणाला होता, "हा वीस वर्षं टिकेल." तेवीस झाली. मावशींच्या घरी आलो त्या दिवशी शेजारपाजारचे नुसता बर्फ बघायला आले. एकाने हात लावून "गार आहे" असं जाहीरही केलं. ते माझे सुखाचे दिवस.

मग तो फोटो आला.

मावशींची भाची नर्स आणि तिचा नवरा पाळक. दोन मुलांना घेऊन ती दूर डोंगरात मिशनरी म्हणून गेली होती. तिथे त्यांनी दवाखाना काढला होता. पाकिटातून त्या चौघांचा फोटो निघाला आणि मावशींनी तो चुंबकाने माझ्या दारावर लावला. त्यानंतर माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. दर मंगळवारी संध्याकाळी मावशी, शिंपीकाका आणि शाळेतल्या बाई माझ्यासमोर खुर्च्या मांडून बसत आणि त्या चौघांसाठी प्रार्थना करत. यांचं दूध, यांची अंडी, यांची औषधं मी सांभाळायची, आणि 'आमेन' मात्र फोटोला!

फोटोतल्या धाकट्याचा पुढचा दात पडलेला होता. शिंपीकाका न चुकता म्हणायचे, "प्रभू, लेकराचा दात येऊ दे." दोन वर्षं हेच. माझ्या दाराचं रबर निघालं होतं, त्याचं काय?

शेवटी एका मंगळवारी, ऐन प्रार्थनेत, मी असा काही थरथरलो की चुंबक निसटला. फोटो जमिनीवर पालथा पडला. मला कोण आनंद झाला!

बाईंनी तो उचलला. "अहो मावशी, मागे काहीतरी लिहिलंय की!"

"मागे? मी तर आला तसा लावून टाकला."

बाईंनी मोठ्याने वाचलं. "मावशी, तू प्रार्थना करतेस हे ठाऊक आहे. पण कधीतरी दोन ओळीही लिही ना. इथे आपलं म्हणावं असं कुणी नाही. दोन वर्षं बघतो. नाहीच जमलं, तर दवाखान्याला कुलूप लावून परत येतो."

माझी घरघरसुद्धा थांबली.

"त्यांच्या कामात व्यत्यय नको म्हणून मी फोन केला नाही हो," मावशी कशाबशा म्हणाल्या.

"रडायचं नंतर बघू," शिंपीकाका म्हणाले. "आधी फोन लावा."

फोन लागला. पलीकडून भाची म्हणाली, "अगं मावशी, खोकी बांधतोय. शनिवारी निघतो आम्ही."

मावशींनी 'थांब' म्हटलं नाही. "चुकलं गं माझं," एवढंच म्हणाल्या, आणि मग तासभर नुसतं ऐकत राहिल्या. शेवटी शिंपीकाकांनी फोन ओढून घेतला. "धाकट्याला दे बघू. काय रे, दोन वर्षं तुझ्या दातासाठी प्रार्थना करतोय, आला का?"

"काका, बास करा आता! तीन आलेत, एकावर एक!"

काकांनी चष्मा काढून पुसला. "जरा जास्तच जोर लागला वाटतं."

पलीकडे भाची खळखळून हसली. मावशी म्हणाल्या, हे हसू किती दिवसांनी ऐकलं.

शनिवार गेला. रविवारी तिचा फोन आला. "भांड्यांचं खोकं परत उघडलंय. बाकीची बघू हळूहळू."

आता दर मंगळवारी प्रार्थनेनंतर तिघंही पत्रं लिहितात. उलट टपाली फोटो येतात, चित्रं येतात. म्हणजे एक फोटो पाडला आणि सतरा अंगावर आले. माझा पांढरा रंग पार दिसेनासा झालाय. जळून जळून माझा बर्फ वितळतो.

मित्रांनो, दूर सेवेला गेलेल्यांसाठी प्रार्थना जरूर करा. पण त्यांचा फोटो एकदा उलटूनही बघा, आणि दोन ओळी धाडा.

कालच धाकट्याचं पत्र आलं. मावशींनी ते सगळ्यांत वर लावलंय. त्यात लिहिलंय, "ज्या फ्रिजने फोटो पाडला, त्याच्यासाठी मी रोज प्रार्थना करतो."

वाचून मला गहिवरून आलं. फक्त बेताने कर रे बाळा. मला तीन दारं नकोत.