शालीखालचं बटण

लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. जो तो मांडीवर बंद पडलेला लॅपटॉप घेऊन बसलेला, जणू तापानं फणफणलेलं लेकरूच. समोर यंत्रबाबा.

"यंत्र मरत नाही, मंडळी! कुडी शाबूत असते, प्राण तेवढा रुसतो!"

बाबांनी एका लॅपटॉपला साखळीत ओवलेला पेन ड्राइव्ह खोचला, वर शाल पांघरली आणि दोन्ही हात आत घालून काहीतरी पुटपुटले. शाल ओढली, तर मेलेल्या पडद्यावर निळं चित्र उगवलेलं! टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या वाजवणाऱ्यांत माझी वहिनी होती. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, आणि माझ्याच घरात ही तऱ्हा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दादानं आजारपणात लेकीसाठी पत्रं लिहून ठेवली होती, त्याच्या लॅपटॉपवर. तो गेल्यावर महिन्याभरात लॅपटॉप सुरूच होईना. मी बघते बघते म्हणत पेपर तपासत राहिले. तेवढ्यात वहिनीला बाबा भेटले. चूक माझीही होतीच.

बाबांनी दिलेल्या पेन ड्राइव्हवर लॅपटॉप चालायला लागला. वहिनी शिवणकाम करते. रोज सकाळी बाबांकडून तो सुरू करून आणायची, गिऱ्हाइकांची मापं त्यात लिहायची आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर पाटी कोरी.

"बाबा म्हणतात, माझी श्रद्धा कमी पडते."

"वहिनी, श्रद्धेचा काय संबंध? मापं पेन ड्राइव्हवरही जात नाहीत आणि लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरही. बंद केलं की पुसली जाणारच. द्या इकडे, मी दादाची पत्रं काढून देते."

"हात लावू नका, ताई! जुनं उघडलं तर प्राण जाईल. रविवारी आतली डिस्क बाबांना द्यायचीय. यांचा जीव तिच्यात अडकलाय म्हणे. ते मोकळा करणार आहेत."

मी तासभर समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी वहिनी रडायलाच लागली, आणि मी पाय आपटत घरी आले.

रविवारी मीही हॉलमध्ये गेले. वहिनी डिस्क काढून घ्यायला लॅपटॉप बाबांपुढे करत होती, तो मी मध्येच धरला आणि माझ्या पर्समधला पेन ड्राइव्ह खोचला.

बाबा कडाडले, "मंत्राशिवाय यंत्र जळेल!"

"जळलं तर भरून देईन," म्हणत मी लॅपटॉप सुरू केला आणि लगेच वरच्या रांगेतलं एक बटण दाबलं. शाल नाही, पुटपुटणं नाही. तरी तेच निळं चित्र!

"याला लिनक्स म्हणतात. फुकट मिळतं. लॅपटॉपमधली यंत्रणा बिघडली, तर तो या पेन ड्राइव्हवरच्या यंत्रणेनं चालतो. त्यासाठी सुरुवातीला हे बटण दाबायचं. बाबा तेच शालीखाली दाबतात. तुमची डिस्क तर धडधाकट आहे. बघा."

मी डिस्क उघडली. 'चिमणीस, पत्र पहिलं.' खाली आणखी अकरा. वहिनीनं पडद्यावर बोट टेकवलं ते उचललंच नाही.

"आणि मी हे देऊन टाकणार होते," ती एवढंच म्हणाली.

बाबा साखळी गुंडाळून जिन्याकडे सरकले. "डिस्क नेऊन विकत असणार!" कुणीतरी ओरडलं. मला वाटलं, सुटलो एकदाचे. तर पहिल्या रांगेतला टॅक्सीवाला हात जोडून उभा.

"ताई, तुमची सिद्धी बाबांहून मोठी! माझ्याही लॅपटॉपवर हात ठेवा!"

डोकं फोडून घ्यावंसं वाटलं. पण मी पेन ड्राइव्ह त्याच्या हातात दिला. "मी शिवणारसुद्धा नाही. तुम्ही खोचा. आता सुरू करा. हे बटण दाबा."

पडदा उजळला. तो दचकलाच.

"मंत्र कोणता म्हटलात?" मी विचारलं.

"मी? मी तर काहीच म्हटलं नाही."

"मग एवढंच ध्यानात ठेवा. जे कुणी शालीखाली करतं, ते आधी उघड्यावर करून दाखवा म्हणावं. नाही म्हणाला, तर उठून चालू लागा."

वहिनी तेव्हा दुसरं पत्र वाचत होती.