दोन ठोके, थांबून एक

तांडा ऊस तोडायले गेला का हिवाळ्यात मागं उरतात कुत्रे, म्हातारे अन् कुलपं. धनराज राठोड यातला कोणीच नव्हता, तरी उरला होता. सतरावं लागलं होतं त्याले. आठवीत आश्रमशाळेच्या भिंतीवरून उडी मारून पळाला तो पळालाच. टोळीसंग जाय म्हटलं तं जात नव्हता, घरी बस म्हटलं तं बसत नव्हता, अन् कोणी 'काहून' म्हणून दोनदा इचारलं का तिसऱ्या डावाले हात उचलत होता. डोळे मात्र घारीचे. मोहोळ कोणत्या फांदीले हाय, कोणाच्या वावरात डुकरं येऊन गेले, चालता चालता दिसे त्याले.

दिवाळीपासून त्याले अन् दोन दोस्तायले एक नाद लागला होता. दर रविवारी हत्यारं घ्यायचे अन् जंगलात जायचं. कोणाची पात काय कापते ते पाह्यचं, जाळ करायचा, तुरीच्या शेंगा भाजून खायच्या. एक दोस्त म्हणजे देवला, धनराजचा चुलतभाऊ. मायबाप टोळीसंग गेलेले, दहावीची परीक्षा म्हणून याले मागं ठेवलेलं. दुसरा प्रसेनजित, खालच्या गावचा, मानोऱ्याले अकरावीत.

त्या रविवारी प्रसेनजित मोटरसायकल लावून उतरला अन् उतरल्या उतरल्या जर्किनमधून डब्बा काढला. त्यात काळ्या मुठीचा चाकू. ऑनलाइन मागवलेला.

"पाह्य बे," तो म्हणे. "पात मुठीच्या आतून शेवटापर्यंत गेली हाय. मोडणार नाही म्हणजे नाही."

देवलानं अंगठा फिरवून पाह्यला. "दाढी होते का यानं?"

"तुले हाय का दाढी?"

"नाही ना. म्हणूनच इचारलं."

धनराजनं आपला कोयता दाखवला नाही. तो ट्रकच्या कमानपाट्याचा होता, लोहारापाशी बसून ठोकून घेतलेला. त्याले डब्बा नव्हता.

"आज नाल्याच्या वरतं जाऊ," प्रसेनजित म्हणे. "खदानीच्या अंगाले. तिकडं सागाचं वाळलेलं लाकूड ढिगानं पडलं हाय."

देवलानं गुपचाप धनराजकडं पाह्यलं.

"तिकडं नाही," धनराज म्हणे.

"काहून?"

"नाही म्हटलं ना."

"भेला का?"

प्रसेनजितले काही माहीत नव्हतं. पण ते शब्द असे होते का ते आयकून धनराज आपल्या जागी राहूच शकत नव्हता. त्यानं कोयता कंबरेले खोसला अन् सगळ्यात पुढं चालाले लागला.

सकाळची धुई अजून उठली नव्हती, लांबचं झाड दिसत नव्हतं. नाल्यातलं पाणी आटून डबके झाले होते. वरतं साग झडून उभा होता, खाली त्याचे पानं पापडावाणी वाजत होते. तीन पोट्टे चालून राह्यले तं दहा जणं चालल्यासारखा आवाज होये. ते थांबले का तो आवाज उलीसा उशिरा थांबे. प्रसेनजितनं दोनदा मागं वळून पाह्यलं, मंग हासला.

"देवला!" त्यानं जोरात आवाज देला, पाह्यले का मागून काय येते.

"नाव नोको घेऊ बे जंगलात," देवला म्हणे. "आमच्याइकडं नाही घेत."

"मंग एकमेकाले बलावता कसे?"

देवलानं सांगतलं. तांड्यावर हरेक घराची आपली हाक हाय. कुऱ्हाडीच्या पाठीनं झाडावर ठोकाची. कोणाचे तीन, कोणाचे चार. धनराजच्या घरचे दोन ठोके, थांबून एक. ज्यानं आयकलं त्यानं एक ठोका द्यायचा. म्हणजे आयकलं, मी हाय. उत्तर नाही आलं तं हाक देणारा ठोकत ठोकत जवळ येते अन् तुले शोधून काढते.

"मस्त हाय," प्रसेनजित म्हणे. "रेंज नाही लागत."

धनराजले समोर बिजाचं झाड दिसलं होतं.

तीन वर्षांत तो इकडं आला नव्हता. झाड तेच होतं. बुडापाशी दोन मुळ्या वर आलेल्या, मधात एका माणसाची बसाची जागा. चौदा वर्षांचा धनराज एक अख्खी दुपार तिथं बसला होता, गालावर मोठ्या भावाची झापड घेऊन. लालसिंगनं, त्याच्या भियानं, त्याले तांड्यासमोर हाणलं होतं, शाळा सोडली म्हणून. मंग दोघं भाऊ बैलाच्या जुवाच्या लाकडासाठी जंगलात आले अन् धनराज मुद्दाम मागं राह्यला.

थोड्या वेळानं हाक आली. दोन, थांबून एक.

ठोक, धनराज मनात म्हणे. ठोक किती ठोकतं तं.

पुन्हा आली. पुन्हा. त्यानं मोजले, कारण मोजण्यात मजा येत होती. त्याच्या एक ध्यानात आलं होतं का आवाज जवळ येत नाही. भाऊ चालून येत नव्हता. एका जागी उभा राहून ठोकून राह्यला होता. रीत तं अशी का उत्तर नाही तं तू ये. धनराजले वाटलं, पाह्य कसा अकडून बसला. मीच आलो पाह्यजे म्हणते. मंग मी बी तुझाच भाऊ हाय.

आणखीन एक ध्यानात आलं होतं. आवाज लाकडाचा नव्हता. गोट्याचा होता.

अकराव्या हाकेनंतर बंद झालं. धनराज घरी गेला अन् म्हणे, मी मानोऱ्याच्या बसस्टँडवर होतो. सांजच्या पाह्यरी लोकायनं लालसिंगले मुरमाच्या खदानीतून वर आणलं. कड खचली होती. कंबरेपासून खालचं अंग दगडाखाली होतं. ज्यायनं आणलं त्यायनं याडीले सांगतलं — आईले तांड्यावर याडी म्हणतात — का बाई, डोक्शाले लागलं, जागीच गेला, त्याले काई समजलं बी नसन. त्या एका गोष्टीवर याडी उभी होती. तीन वर्षं झाले, रोज चुलीपाशी ती एकडाव तरी म्हणे, "बरं झालं, जागीच गेला लेकरू."

"बसू इथंच," प्रसेनजित म्हणे अन् त्याच बिजाखाली पाठीवरची बॅग टाकली.

जाळासाठी त्यानं चकमक काढली, तीही ऑनलाइनची. धनराजच्या कोयत्यानं वाळल्या सागाचे कुरळे सोलले, पातळ, गुंडाळी झालेले. देवलाच्या विळ्यानं नाही जमलं, विळा म्हणजे गवताचा. ठिणगी पडली, कुरळा लाल झाला, जाळ धरला.

"मान गये कोयत्याले," प्रसेनजित म्हणे. "पण फोडणं पाह्य आता." त्यानं धावड्याचं मनगटाएवढं लाकूड उभं केलं, चाकूची पात वरतून ठेवली अन् दुसऱ्या दांडक्यानं चाकूच्या पाठीवर हाणलं. ठक. ठक. पात अर्धी आत गेली अन् अडकली. त्यानं दम घेतला, हात वर केला.

"थांब!" धनराज वरडला.

ठक.

लाकूड दोन भाग होऊन पडलं. प्रसेनजितनं खुशीनं वर पाह्यलं तं धनराजनं त्याची कॉलर धरली होती.

"काय झालं बे? सोड ना!"

"असं नोको ठोकू म्हणलं ना तुले!"

"कधी म्हटलं?"

देवलाचं तोंड मात्र पांढरं पडलं होतं. तो दोघायकडं पाहत नव्हता. "चूप," तो म्हणे. "चूप राह्य ना बाप्पा."

खदानीच्या बाजूनं एक ठोका आला होता.

एकच. दूरून. जसं कोणी म्हणे, आयकलं.

धनराजचा हात कॉलरवरून आपोआप सुटला. टोळी कोल्हापूरकडं होती. तांड्यावर जे म्हातारे होते ते नाल्यापर्यंत बी येत नव्हते. त्याच्या घरच्या हाकेले उत्तर देणारं जगात एकच माणूस उरलं होतं, याडी, अन् तिनं तीन वर्षांत नाल्याच्या इकडं पाय ठेवला नव्हता. ठेवणार नाही म्हणे, मरेपर्यंत.

"इको असन," प्रसेनजित म्हणे, पण हळूच.

"आपण तीन ठोकले," देवला म्हणे. "इको एक कसा येईन?"

पुन्हा आला. एक. आता खदान सोडून अलीकडं. पानं वाजले. मंग चूप. मंग आणखीन एक ठोका, अन् यावेळेस झाडाची जात बी समजे, मोहाचं झाड, भरीव. जाळातला कुरळा जळून वाकडा झाला तं देवला दचकला.

"चाल ना बे. चाल पळू."

धनराज खदानीकडंच पाहत होता. त्याले वाटलं, भाऊ आता चालून येऊन राह्यला. तवा आला नाही, आता येऊन राह्यला. अन् आल्यावर काय इचारीन ते त्याले माहीत होतं.

धुईत पळसाच्या फांद्या हालल्या. काहीतरी लाल दिसलं, मंग गेलं, मंग जवळ दिसलं. ते लुगडं होतं. जमनाबाई, त्याची याडी, एका हातात कुऱ्हाड अन् दुसऱ्या हातानं फांद्या बाजूले लोटत, अनवाणी पळत आली. एक चप्पल कुठं पडली तिले माहीत नव्हतं. नडगीवर बोराटीनं ओरखडे काढलेले. ती तिघायसमोर आली अन् पह्यले तिनं तोंडं मोजले, एक, दोन, तीन. मंग तिघायच्या मागं पाह्यलं. चौथं कोणी हाय का ते.

"कोणं देली हाक?" तिचा दम पुरत नव्हता. "मी नाल्याच्या खालतं, खदानीच्या समोरच्या अंगाले काड्या तोडून राह्यली होती. हाक खदानीकून आल्यासारखी वाटली. तिकडूनच आली मी. कोणं देली?"

प्रसेनजितनं हातातलं दांडकं खाली टाकलं.

"मी उत्तर देत आली ना. दर झाडावर देत आली. मनात थांब, थांब म्हणत आली." तिनं कुऱ्हाड खाली टेकली. "मले वाटलं…"

तिनं पुन्हा तिघायच्या मागं पाह्यलं.

"काकू, माह्याकून झालं," प्रसेनजित म्हणे. "मी लाकूड फोडत होतो. मले माहीत नव्हतं. खरंच."

जमनाबाईनं चाकूकडं पाह्यलं, फुटल्या धावड्याकडं पाह्यलं. मान हालवली, जसं पोराले कोणी म्हणते, जाऊ दे. चेहऱ्यावरचं काहीतरी विझून गेलं. ती वळाले लागली.

इथंच चूप राह्यलं असतं तं झालं असतं. धनराजले ते दिसत होतं, जसं त्याले सगळंच दिसे. याडी घरी जाईन, चूल पेटवीन, म्हणीन, बरं झालं, जागीच गेला. पण त्याच्या डोळ्यासमोर तिची नडगी होती. एका हाकेवर नाला वलांडून पळत आलेली, त्या खदानीपाशी जिथं तिनं मरेपर्यंत जायचं नव्हतं.

"याडी," तो म्हणे. "भिया जागीच नाही गेला."

ती थांबली.

"त्यानं हाक देली होती. म्या आयकली. मी बसस्टँडवर नव्हतो. मी इथं होतो, इथं बसून होतो, या मुळीवर. म्या उत्तर नाही देलं. त्यानं मले हाणलं होतं म्हणून." शब्द एकावर एक पडत होते, त्याले थांबवता येत नव्हते. "तो जवळ नाही आला तं मले वाटलं, अकडला. गोट्यावर ठोकून राह्यला होता. मले समजलं होतं का गोटा हाय. तरी बी नाही गेलो."

देवला खाली बसला. प्रसेनजितनं चाकू बॅगेमागं सरकवला, काहून ते त्याचं त्याले माहीत.

जमनाबाई वरडली नाही. हाणलं बी नाही. हाणलं असतं तं धनराजले बरं वाटलं असतं.

"किती डाव?" ती म्हणे.

"काय?"

"किती डाव हाक देली माह्या लेकरानं?"

"अकरा."

तिनं ओठ हालवले, जसं आपल्याशी मोजते कोणी. मंग बिजाच्या मुळीकडं पाह्यलं अन् तिथून खदानीच्या बाजूले पाह्यलं. धुई आता उठली होती. झाडामधून मुरमाची तांबडी कड साफ दिसत होती. म्हातारा माणूस बिडी संपाच्या आत पोचीन, इतक्या जवळ.

"एवढंच होतं?" ती म्हणे.

तिनं टेकलेली कुऱ्हाड उचलली.

"तू इथं बस," ती म्हणे. "त्याच जागेवर. मी जाते."

ती गेली. कड उतरताना दोनदा तोल गेला, तरी तिनं मागं पाह्यलं नाही. मंग दिसेनाशी झाली. जाळ विझून धूर जमिनीवरून चालला होता.

टण, टण. थांबून, टण.

गोट्याचा आवाज. तोच.

धनराज उठला अन् पळाला. पानं फुटत होते पायाखाली, बोराटी बाह्या ओढत होती, कोयता कुठं निसटून पडला ते त्यानं पाह्यलं नाही. दुसरी हाक आली तवा तो कडेवर होता, अन् ती संपाच्या आत खाली. घसरत, हात सोलत, मुरमात.

याडी एका काळ्या दगडाजवळ उकिडवी बसली होती. तो तिच्यासमोर येऊन उभा राह्यला.

"आलो याडी," तो म्हणे. "आलो ना."

तिनं वर पाह्यलं नाही. कुऱ्हाड उचलली अन् तिसरी हाक देली. चौथी देली. तो उभा होता अन् ती ठोकत होती, जसं समोर कोणी आलंच नाही. मुरमाचा खडा उडून त्याच्या गालाले लागला. पाचव्या हाकेले धनराजले समजलं का ती अकराच्या आधी थांबणार नाही, अन् आपल्याले या साऱ्या आयकाच्या हायत, इथं उभं राहून.

सहावी झाली. त्याचे हात रिकामे होते. तो खाली बसला, एक गोटा उचलला अन् दगडावर हाणला.

एक.

कुऱ्हाड वरच थांबली. याडीनं तेव्हाही त्याच्याकडं पाह्यलं नाही. मंग सातवी हाक देली, अन् आठवी द्याच्या आधी ती थांबली. उत्तर यायची वाट पाहत.