नागिणीवरच्या निळ्या खुणा

सुट्टीवरून दिल्ली कँटला परतून आठवडा होतो न होतो, तोच हवालदार संपतरावांच्या कमरेवर लाल, नागमोडी रेघ उठली. खाज अशी, की परेडमध्येही हात तिकडेच जायचा. त्यांच्या बायकोनं, शेवंतानं, गावी सासूला फोन लावला.

"नागीण हाय ती. काव लाव. आन् तिची तोंडं जुळू दिऊ नकोस."

रेघेची दोन टोकं म्हणजे नागिणीची तोंडं, ती जुळली की माणूस जातो, हे शेवंता लहानपणापासून ऐकत आलेली. पण जुळू द्यायची नाहीत म्हणजे करायचं काय, ते सासूबाईंनी सांगितलंच नाही. तांबड्या कावेचा लेप झाला, तरी रेघ आपली पुढंच. शेवटी ती रोज सकाळी रेघेच्या टोकाशी बॉलपेननं खूण करू लागली. एक टोक जागचं हलेना, दुसरं रोज नखभर सरकायचं. नागीण एकाच तोंडानं चालते की काय? तिला काही सुधरेना. सहाव्या दिवशी तर ते टोक वळून मागच्याच रेघेकडे निघालं. मध्ये उरली दोन बोटं. शेवंतानं इस्पितळात जायचा हट्टच धरला.

"गवंडी हायस का माप घ्यायला?" संपतराव हसले. "डॉक्टर मॅडमसमोर हे नाटक नको. धुऊन टाक."

काव तिनं धुतली. खुणांना हात लावला नाही.

इस्पितळातल्या कातडीच्या डॉक्टर, मेजर मृणाल, पुण्याच्या निघाल्या. "या खुणा कुणी केल्या?"

शेवंताची मान खाली. "म्या. रोज एक."

"मग अर्धं निदान तुम्हीच केलंत. नागिणीचे फोड असे चालत नाहीत. ही कुत्र्यामांजरांच्या पोटातल्या जंताची अळी आहे. त्यांच्या विष्ठेतून ती वाळूत येते. उघड्या अंगानं वाळूत झोपला होतात?"

संपतरावांना आठवलं. सुट्टीत गावी घर बांधायला दारात टाकलेली वाळू, तिच्यावर काढलेली दुपारची झोप.

"माणसाच्या कातडीत तिला आत जायची वाट सापडत नाही, म्हणून नुसती फिरते. तीन दिवस गोळ्या घ्या."

"पर तोंडं जुळली तर?" शेवंतानं विचारलं.

"जुळू देत. काही होत नाही."

हसावं की रडावं, शेवंताला कळेना. इतके दिवस ती उगीच भीतीनं मरत होती तर! तिनं खुणा करणं सोडून दिलं.

गोळ्या सुरू केल्यापासून चौथ्या सकाळी ती चहा टाकत असताना संपतराव आले. बनियन वर केली आणि तिच्या हातात पेन दिलं.

"नीट बघ गं. सरकली का?"

"न्हाई. त्या शेवटच्या पुसट खुणेपाशीच हाय."

"सुटलो!" म्हणत हवालदारसाहेब खाली बसले.