दुसरा झेंडा

शालिग्रामने कापसाचा ओला बोळा झेंड्यावर पुन्हा फिरवला आणि झटक्यात हात मागे घेतला. बोळा लाल झाला होता. हळद होती तिथेच होती.

“अजून घासलं तर लाल रंग पांढऱ्यात उतरेल. धुतलं तर जरीचं काम काळं पडेल. आता सांगा वहिनी, काय करू? चाटू झेंडा?”

कलाबाई भिंतीला टेकून सुईत दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही.

“नवं कापड शे. हळद-कुकूना दोन बोटं लावनात.”

“तुमचं लुगडं आहे का ते? कॅनडातल्या पलटणीचा झेंडा आहे. डाग दिसला तर सचिन गावच्या शेठचं काम कायमचं गेलं. मग या भरतकामाच्या चौकटींवर गोधड्या भरत बसू.”

“कोरं कापड मयतले नेतस, भाऊ. जित्या मानूसले नही.”

शालिग्रामने हळदी-कुंकवाची वाटी उचलून उंच फळीवर ठेवली, तिचा हात पोचणार नाही अशी.

झेंडे दोन होते. एक लाल-पांढरा, मधे मुकुट. हळदीकुंकू लागलं ते त्याला, काठीजवळच्या लाल पट्ट्यावर; कुंकू लपलं, हळद ओरडत होती. दुसरा हिरवा. त्याच्यावर सोनेरी जरीच्या लहान लहान पट्ट्या, प्रत्येक पट्टीत एक नाव. कलाबाईने ती नावं महिनाभर नुसती चित्रं समजून भरली होती.

*ईप्र*

शेवटी त्याला वाट सापडली. झेंड्याच्या कडेला काठी घालायची कापडी नळी होती. ती उसवून बोटभर कापड आत दुमडलं की डाग नळीत जाणार.

त्याने ते केलं. डाग गेला. त्याने झेंडा हिरव्याशेजारी पसरला आणि कपाळावर हात मारला. हिरवा आता बोटभर जास्त रुंद दिसत होता. दोन्ही त्याच माणसांसमोर, शेजारी शेजारी उभे राहणार होते.

“म्हणजे हा पण उसवा,” तो म्हणाला. “ज्याला काही झालं नाही, तो पण.”

“त्याले बी लावनार व्हतू. तुमी वरडनात.”

“उपकार झाले.”

*सोम*

झेंडे न्यायला योगेंद्र वेळेआधीच आला. पारोळ्याचा पोरगा, पण शेठच्या नोकरीत राहून अर्धा गुजराती झालेला.

“शुं काका, हजी बाकी छे?”

“बाकी आहे. बस. चहा घे.”

कलाबाईने चहा दिला आणि तिथेच बसली. तिने हिरव्या झेंड्याकडे बोट केलं.

“यासवर काय लिखेल शे रे, भाऊ?”

“जागांची नावं, काकू. ईप्र, सोम, ओर्तोना. जिथं जिथं पलटण लढली, त्या जागा.”

“जिंकनात?”

“कुठं जिंकले, कुठं नाही. मेले सगळीकडेच.” त्याने चहा फुंकला. “आणि हे रोजचे फौजी नाहीत. कोण बेकरीत, कोण शाळेत. सुट्टीच्या दिवशी कवायत. लढाई आली की जायचं.”

“आते हाऊ कोन धरी?”

“असंच एखादं पोरगं. वीस-बावीसचं.”

शालिग्राम हिरव्याच्या नळीचे टाके कापत होता. कात्री थांबली.

“योगेंद्र, गोष्टी सांगायला पगार देतो का शेठ? जा, रिक्षा बघ.”

*ओर्तोना*

योगेंद्र जिना उतरून गेला. शालिग्राम उसवलेल्या कडेकडे बघत राहिला. हिरवं रेशीम, आतून अजून चकचकीत. त्याने ते दुमडलं. पुन्हा उघडलं. नाकातून जोरात श्वास सोडला.

“एक काम धड होऊ देत नाही तुम्ही.”

कलाबाई उरलेला दोरा गुंडाळत राहिली.

तो उठला, फळीवरून वाटी काढली. हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक, नळीच्या आतल्या अंगाला, कोणाला कधी दिसणार नाही तिथे. बोटं बनियनला पुसली. मग शिवायला बसला.

“तिरकं जाई राहिनं,” कलाबाई म्हणाली.

“कळतं मला.”

योगेंद्र वर आला तेव्हा झेंडे मलमलीत गुंडाळून झाले होते. त्याने वरचं कापड जरा उचलून कडा एकमेकींना लावून पाहिल्या.

“दोन्ही सरखाच ने, काका?”

शालिग्रामने रिकामी चौकट भिंतीला टेकवली.

“आता सारखे आहेत,” तो म्हणाला.